वॅगनरच्या १३२ पकडी, तरी रन का अडले नाहीत? (कमांडर्स, २०२४)

यार्डमोजणी

वॉशिंग्टन कमांडर्सचा (अमेरिकन फुटबॉल, एनएफएल) २०२४ चा हंगाम पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलाय आणि एकाच माणसापाशी अडकून बसलोय: बॉबी वॅगनर. आदल्या वर्षी संघ ४-१३. मग डॅन क्विन मुख्य प्रशिक्षक म्हणून आला, बचावाच्या हाका (कोणती चाल लावायची ते सांगणं) जो व्हिट ज्युनियरकडे गेल्या, निम्म्याहून जास्त चेहरे बदलले आणि या सगळ्याच्या मधोमध ३४ वर्षांचा माइक लाइनबॅकर (बचावाच्या लाइनमागे मधोमध उभा राहणारा). संघ १२-५ झाला, एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत पोचला. वॅगनरच्या नावावर १३२ पकडी, २ सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), दहावा प्रो बोल आणि ऑल-प्रोच्या (दोन्ही हंगामातल्या निवडक खेळाडूंचे मान) दुसऱ्या संघात जागा. (टॅकलला मी मुद्दाम पकड म्हणतोय, नाहीतर लाइनमधल्या टॅकलशी घोळ होतो.)

आता गोम अशी की हाच संघ रन (चेंडू घेऊन धावायच्या चाली) अडवण्यात ३२ संघांत पार तळाकडे होता. माइक इतक्या पकडी करतोय आणि तरी समोरचे मधून पळतायत, हे गणित जुळत नाही. वय दिसत होतं का? की त्याचं काम वेगळंच होतं आणि मी चुकीच्या जागी बघतोय? शिवाय २०२२ मध्ये रॅम्सकडून खेळताना याने ६ सॅक केले होते, इथे दोनच. ब्लिट्झला (क्वार्टरबॅकवर थेट धावून जायला) पाठवणं का कमी केलं?

जाणकारांनी जरा उलगडून सांगा. "अनुभव महत्त्वाचा असतो" छाप उत्तरं नकोत, ती टीव्हीवर रोज ऐकतो.

बीगॅप

पकडींचा आकडा आधी बाजूला ठेवा. २०२३ मध्ये सीहॉक्सकडून वॅगनरच्या १८३ पकडी होत्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्या वर्षी सीहॉक्सही रन अडवण्यात तळाकडेच होते. ज्याच्या संघाचा बचाव मैदानावरून लवकर उतरत नाही त्या माइकला पकडी आपोआप मिळतात. पकड दोन यार्डांवर झाली की सात यार्डांवर, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

त्याचं पहिलं काम चेंडू हलायच्या आधीच संपलेलं असतं. हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असलेला बचावाचा एकच खेळाडू एका वेळी मैदानात असू शकतो. प्रशिक्षकाचा आवाज फक्त त्याच्या कानात येतो. ४० सेकंदांच्या घड्याळात १५ उरले की तो आवाज बंद होतो, म्हणजे जास्तीत जास्त २५ सेकंद. त्यात समोर कोण उतरलंय (एक टाइट एंड की दोन; लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करतो नि चेंडूही पकडतो तो), कितवा डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी), किती यार्ड हवेत, हे बघून व्हिट हाक देणार, वॅगनर ती दहा जणांना सांगणार. तोवर समोरची रचना लागते, आणि खरी परीक्षा तिथून पुढे. टाइट एंड एका बाजूने दुसरीकडे सरकला, रिसीव्हर (पास पकडणारा) मोशनमध्ये, म्हणजे चाल सुरू व्हायच्या आधीच आडवा, निघाला, की आधीची हाक अर्धी मोडते आणि कानात कोणीही नसतं. लाइनला "सरक" म्हणायचं की कव्हरेज (पासविरुद्ध कोणी काय सांभाळायचं) फिरवायचं, हे माइकने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं.

इथे "नवा बचाव" हा शब्द थोडा फसवा आहे. संघासाठी नवा, वॅगनरसाठी नाही. क्विन २०१३ आणि २०१४ मध्ये सीहॉक्सचा बचाव चालवत होता, ४३-८ चा सुपर बोल त्याच काळातला. आणि कमांडर्सनी लाइनबॅकरांचा प्रशिक्षक म्हणून आणला तो केन नॉर्टन ज्युनियर, जो वॅगनरच्या पहिल्या दिवसापासून सिॲटलमध्ये हेच काम करत होता. म्हणजे नव्या घरातल्या सगळ्या डब्यांवरची लेबलं याला आधीच पाठ. बाकीच्यांना जी भाषा उन्हाळ्यात शिकायची होती, ती शिकवायला मैदानावरच एक माणूस मिळाला. एका वर्षाचा करार करून ३४ वर्षांच्या लाइनबॅकरला आणण्यामागचा हिशोब हा होता.

आता रनबद्दल. आजकाल बहुतेक वेळ निकल असतं: चार लाइनमन, दोन लाइनबॅकर, पाच मागचे. गॅप म्हणजे समोरच्या लाइनमधल्या खिडक्या: सेंटर-गार्डमधली ए, गार्ड-टॅकलमधली बी, त्यापलीकडची सी. बचावाच्या लाइनचा एक टॅकल ३-टेकवर, म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, तो बी गॅप धरतो. दुसरा सेंटरच्या खांद्यावर, त्या बाजूचा ए गॅप त्याचा. दोन्ही एंड सी गॅपला. उरतात दोन खिडक्या: ३-टेकच्या बाजूचा ए आणि दुसऱ्या बाजूचा बी. त्या दोन लाइनबॅकरांच्या. हिशोब बरोबर बसतो, फक्त टाइट एंड उभा राहिला की एक खिडकी वाढते आणि तिथे सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) किंवा निकलने (पाच मागच्यांतल्या जादा माणसाने) खाली यायचं असतं.

वॅगनर उभा असतो साडेचार-पाच यार्ड मागे. त्याच्यापुढचे दोन टॅकल डबल टीमखाली (एकावर दोन ब्लॉकर) जागेवर टिकले तर तो मोकळा. ते अर्धा यार्ड मागे ढकलले गेले की सेंटर किंवा गार्ड डबल टीम सोडून थेट त्याच्या छातीवर येतो. आता आठवा, टॅकल जोनाथन ॲलन ऑक्टोबरात छातीच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला तो नियमित मोसम संपत आल्यावरच परतला. मधल्या काळात डॅरॉन पेनच्या शेजारी जे उभे राहिले ते ॲलन नव्हते. माइकवर १४० किलोचा गार्ड धावत येतोय की नाही, हे माइक ठरवत नाही.

पुणेरी_पंट

सगळं मान्य, पण वयाला इतकं सूट देऊ नका राव. लाइन मोडली की चांगला माइक बाजूने निसटून पकड करतो, विशीतला वॅगनर हेच करायचा. २०२४ मध्ये बाहेरच्या बाजूला पळणाऱ्या चालींवर तो पोचायचा, पण अर्धं पाऊल उशिरा, आणि पकड पायांऐवजी खांद्यावर. कडेपर्यंत धावायची शर्यत लागली की त्याला आता कोन कापावा लागतो.

आपल्याकडच्यांना सोपं जाईल असं सांगायचं तर कबड्डीतला कव्हर. तरुणपणी चुकून आधी झेप टाकली तरी मागे येऊन रेडरला गाठता येतं. वय झालं की झेप चुकली म्हणजे गुण गेला. म्हणून म्हातारा कव्हर थांबतो, रेडरचा पुढचा पाय बघतो. वॅगनरही थांबतो. थांबणं हा दोष नाही, पण त्याची किंमत दोन यार्ड आहे आणि ती प्रत्येक चालीला मोजावी लागते.

बीगॅप

कबड्डीची उपमा अर्धी लागू पडते. कव्हर रेडरकडे बघतो. माइकने चेंडू नेणाऱ्याकडे बघायचंच नसतं. तो गार्डकडे बघतो. गार्डचं हेल्मेट खाली आणि पुढे आलं तर रन, वर आणि मागे गेलं तर पास. दोन्ही गार्ड एकाच दिशेला पाऊल टाकतायत तर झोन रन (सगळी लाइन एका बाजूला सरकते ती), त्याच दिशेला आपण आपल्या खिडकीसकट सरकायचं. मागच्या बाजूचा गार्ड उठून आडवा निघाला तर त्याच्याबरोबर जायचं, बॅक (चेंडू घेऊन धावणारा) काहीही नाटक करो. प्ले-ॲक्शनमध्ये (रनचं सोंग करून पास) कोवळा लाइनबॅकर दोन पावलं पुढे जातो ते बॅकच्या पोटाकडे बघतो म्हणून. त्या दोन पावलांमागे १२ ते १५ यार्डांवर मोकळी जागा तयार होते आणि चेंडू तिथेच पडतो.

हा नियम फसतो आरपीओवर (रन की पास, हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो ती चाल). तिथे गार्ड खरंच रन ब्लॉक करत असतो आणि क्वार्टरबॅक फेकतो. गार्ड खोटं बोलत नाही, पण सत्य अर्धंच सांगतो! यावर अनुभवाचा उपाय नाही, रचनेचा आहे: ज्या लाइनबॅकरला दोन कामं पडतायत त्याच्या डोक्यावरचं एक काम काढून सेफ्टीला द्यायचं. सेफ्टी खाली आला की मागे एकच उरतो, आणि तिथून दुसरी डोकेदुखी सुरू.

"दोन यार्डांची किंमत" मात्र मान्य. खांद्यावरच्या पकडीचंही.

काठावरचा_सेफ्टी

ब्लिट्झच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, तो मी घेतो, कारण वॅगनरची भूमिका तिथेच जास्त स्पष्ट दिसते.

क्विनचा सिॲटलमधला बचाव म्हणजे बहुतांशी कव्हर-३ (मागची खोल जागा तिघांत वाटलेली), चार जण क्वार्टरबॅकवर धावणार, बाकी सात मागे. डॅलस काउबॉइजमध्ये २०२१ ते २०२३ त्याने बरंच बदललं: मॅन कव्हरेज (प्रत्येकाला समोरचा एकेक माणूस) वाढवलं, तीन सेफ्टी उतरवले, आणि मायका पार्सन्सला कधी लाइनबॅकर तर कधी कडेवरून घुसणारा केलं. समोरच्याला कळू नये की तो चालीगणिक कुठून येणार. वॉशिंग्टनमध्ये ती जागा फ्रँकी लूव्हूला मिळाली. पॅन्थर्सकडून आलेला, पहिल्या दोन डाऊनला वॅगनरच्या शेजारी, तिसऱ्याला कडेवर किंवा थेट ए गॅपमध्ये. त्याचे ८ सॅक झाले, डांटे फाउलरचे १०.५.

लूव्हू असा हिंडणार असेल तर दुसऱ्या लाइनबॅकरने हलायचं नाही. दोन लाइनबॅकरांच्या बचावात एक भटका असला की दुसरा खुंटा लागतो. वॅगनरचे सॅक सहावरून दोनावर आले त्याचं मुख्य कारण हे, पाय नव्हे. रॅम्सकडे २०२२ मध्ये असा भटका शेजारी नव्हता, त्यामुळे मधून घुसायचं काम त्याच्याकडेच यायचं.

आता त्याला मागे ठेवतात तेव्हा नेमकं काय देतात ते बघा, कारण वय लपवायची जागा तीच आहे.

कव्हर-३ मध्ये तो मधला हुक (लाइनमागची आखूड जागा), साधारण ८ ते १० यार्ड. त्याच्या बाजूने आत येणाऱ्या तिसऱ्या रिसीव्हरला तो उचलतो. नजर क्वार्टरबॅकवर, धाव कमी, अंदाज जास्त. हे काम त्याला अजून चाळिशीपर्यंत जमेल.

कव्हर-१ मध्ये (खोलवर एकच सेफ्टी, बाकी मॅन) दोन पर्याय. एक, मधल्या "होल"मध्ये मोकळा उभा राहून आडवे येणारे रूट (रिसीव्हरच्या ठरलेल्या वाटा) कापायचे. दोन, रनिंग बॅकवर मॅन. पहिला झकास. दुसऱ्यात धोका. बॅक कडेने वर पळाला, म्हणजे व्हील रूट, की ३० यार्डांची सरळ शर्यत लागते आणि ती ३४ वर्षांचा लाइनबॅकर हरणार. म्हणून अशा बचावात नियम असा ठेवायचा असतो: बॅक मागच्या जागेवर असेल तोवर तो माइकचा, पण तो बाहेर रुंद जाऊन उभा राहिला की लगेच अदलाबदल. सेफ्टी किंवा निकल बॅककडे, माइक पुन्हा मधे. कमांडर्सकडे जेरेमी चिनसारखा लाइनबॅकरच्या अंगाचा सेफ्टी होता म्हणून अशी अदलाबदल परवडते. ती ओरडून सांगायची जबाबदारी पुन्हा वॅगनरचीच.

आणि बॅक ब्लॉक करायला थांबला तर? मग माइककडे कोणीच उरत नाही. तेव्हा त्याने उशिरा घुसायचं. हे नियोजित ब्लिट्झ नसतं, त्यामुळे "ब्लिट्झला पाठवलं" या मोजणीतही धड येत नाही.

एक जागा जिथे मला हा प्रयोग पटला नाही: वॅगनर आणि लूव्हू दोघांनाही ए गॅपमध्ये लाइनच्या नाकासमोर उभं करायचं आणि स्नॅप (चेंडू मागे देऊन चाल सुरू) झाल्यावर वॅगनरने मागे पळायचं. उद्देश चांगला. सेंटर गोंधळतो, बॅकला आत थांबावं लागतं, आणि घुसतो मात्र निकल कडेवरून. पण शून्य यार्डांवरून वळून आठ यार्ड मागे जायला वेळ लागतो, आणि झटपट स्लँट (आत तिरपा जाणारा आखूड पास) नेमका त्याच्या पाठीमागे पडतो. यावर उतारा म्हणजे क्वार्टरबॅकची हाक सुरू झाली की दोन पावलं आधीच मागे सरकायचं. मग सोंग उघडं पडतं. म्हणजे एकतर सोंग नाहीतर कव्हरेज, दोन्ही पूर्ण मिळत नाही.

यार्डमोजणी

बरंच सुटलं. खुंटा आणि भटका हे लक्षात राहील. पण मग ईगल्स? त्यांच्या रनिंग बॅकने, सेक्वॉन बार्कलीने, तीनही सामन्यांत धुतलं ना. तिथेही लाइनच दोषी का?

अंगतपंगत

बार्कलीचे आकडे जरा सोडवून बघू या, कारण "तीनही सामन्यांत धुतलं" हे अर्धसत्य आहे.

नोव्हेंबरमध्ये २६ वेळा १४६ यार्ड. त्यात चौथ्या क्वार्टरमध्ये लागोपाठ दोन टचडाऊन, २३ आणि ३९ यार्डांचे. डिसेंबरमध्ये २९ वेळा १५०, त्यात एक ६८ यार्डांचा. हा सामना कमांडर्स ३६-३३ जिंकले हे लोक विसरतात. जानेवारीत एनएफसीच्या अंतिम सामन्यात १५ वेळा ११८, त्यात ईगल्सच्या पहिल्याच चालीवर ६० यार्ड.

बेरीज: ७० वेळा ४१४ यार्ड. यातल्या चार चालींचे १९० यार्ड. उरलेल्या ६६ चालींत २२४, म्हणजे सरासरी ३.४. त्या मोसमात २००० यार्डांच्या पुढे गेलेल्या माणसाला ६६ वेळा ३.४ वर ठेवणं हा वाईट बचाव नाही. वाईट आहे ते चार वेळा दार सताड उघडं राहणं.

आणि लांब रन कधीच एका चुकीने होत नाही. पहिली खिडकी उघडते ती लाइन किंवा लाइनबॅकरच्या चुकीने, तेव्हा सात-आठ यार्ड जातात. तिथून ६० व्हायला मागच्या शेवटच्या माणसाने कोन चुकवावा लागतो किंवा पकड सोडावी लागते. बीगॅप म्हणाले तसं सेफ्टी खाली ओढला असेल तर मागे एकच उरतो आणि त्याच्या एका चुकीवर कोणी पांघरूण घालायला नसतं. वॅगनरवर दोष टाकायचा तर पहिल्या सात यार्डांचा टाका, पुढच्या पन्नासचा नको.

अंतिम सामन्यातला ५५-२३ हा आकडाही सांभाळून वापरा. ईगल्सचे सात टचडाऊन रनवर झाले हे खरं, पण बरेचसे कमांडर्सनी चेंडू हातचा घालवल्यावर आखूड मैदानावर. गोलरेषेवर तर शेवटी लूव्हू लाइनवरून उड्या मारत होता, इतक्या वेळा की पंचांनी थेट गुण बहाल करायची तंबी दिली! एक यार्डावर माइक तीन यार्ड मागे उभा राहो की पाच, त्या ढकलाढकलीपुढे काही चालत नाही.

उलट बाजूचा एक दाखला देतो. जॅमिन डेव्हिस, २०२१ चा पहिल्या फेरीतला लाइनबॅकर, पायाने वॅगनरपेक्षा कितीतरी वेगवान. क्विनच्या लोकांनी त्याला कडेवर वळवून पाहिलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सोडूनही दिलं. नुसता वेग पुरत असता तर मधली जागा त्याचीच होती.

बीगॅप

आकडेमोड आवडली. यार्डमोजणी, पुढचे सामने बघताना असं करा. कॅमेरा मागून-वरून असलेलं, २२ जण दिसणारं फुटेज घ्या. टीव्हीवरच्या प्रक्षेपणात सेफ्टी दिसतच नाहीत.

चाल तीनदा बघा. पहिल्यांदा स्नॅपच्या आधीच थांबवा. ३-टेक कुठल्या बाजूला आहे ते शोधा, त्यावरून वॅगनरची खिडकी ए की बी ते लिहा. टाइट एंडच्या बाजूला वाढलेली खिडकी कोणाची तेही लिहा. दुसऱ्यांदा फक्त दोन टॅकलांचे पाय बघा: दीड सेकंदानंतर ते लाइनवर आहेत की मागे. तिसऱ्यांदा वॅगनरचं पहिलं पाऊल. पुढे, बाजूला की मागे. चेंडू कुठे गेला ते तोवर बघूच नका.

मग ठरवा. टॅकल मागे गेले आणि गार्ड वॅगनरवर आला, तर लाइन. टॅकल टिकले, वॅगनर मोकळा होता आणि तरी आपल्या खिडकीत उशिरा पोचला, तर वॅगनर. दोघेही बरोबर आणि बॅक बाहेरून गेला, तर एंड किंवा निकलने कड सोडली. फसगत एकच होते: वॅगनर कधीकधी दुसऱ्याची चूक झाकायला आपली खिडकी सोडतो. तेव्हा दिसतं असं की तो चुकला. अशा चालीवर शेजारच्या लाइनबॅकरचं पाऊल बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

त्या चार लांब चालींपासूनच सुरुवात करा.

पुणेरी_पंट

आणि पकड पायांवर की खांद्यावर, याचाही एक रकाना ठेवा. वीस चालींनंतर बोलू.

यार्डमोजणी

ठेवला. नोव्हेंबरची ३९ यार्डांची चाल आत्ता थांबवून बसलोय. ३-टेक बॅकच्याच बाजूला असेल तर वॅगनरचा ए गॅप बॅकसमोरचाच ना?

बीगॅप

नाही, बॅक कुठे उभा आहे याचा संबंध नाही. ३-टेक कुठल्या गार्डवर आहे तेवढंच बघा. त्याच गार्डच्या आतली खिडकी म्हणजे ए. ती वॅगनरची की लूव्हूची, हे ते दोघे कुठल्या बाजूला उभे आहेत त्यावरून. मोशन झाली असेल तर मोशन थांबल्यावर पुन्हा मोजा, कारण लाइन सरकलेली असू शकते.